कारखान्यातील प्रथमोपचार-पेटी : तिचा इतिहास व आपले कर्तव्य

ज्ञातीच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहावयाचा म्हटले की मूळ पुरुष, गोत्रे, कुलदैवते, स्थलांतरे व सनदा यांकडे लेखणी आपोआप वळते. ते सर्व लिहिले गेलेच पाहिजे. परंतु ज्या ज्ञातीचा संसार पिढ्यान् पिढ्या हाताच्या दहा बोटांवर चालत आला, तिने त्या बोटांचाही इतिहास एकदा न्याहाळावा, असे आम्हांस वाटते. ऐरण, भाता, घण, रंधा, वाकस, पटाशी ही आपली वडिलोपार्जित आयुधे. त्यांनी आपली घरे चालविली आणि त्यांनीच वेळोवेळी घरातील कर्त्या पुरुषाचा हात कापला, भाजला वा ठेचला. अशा प्रसंगी वैद्य अथवा डॉक्टर भेटेपर्यंत काय करावयाचे, या प्रश्नाला मनुष्याने काळोकाळी जी उत्तरे शोधली, त्यांचे सार आज भिंतीवरच्या एका लहानशा पेटीत सामावलेले आहे. त्या पेटीचा वृत्तांत ज्ञातिबंधू-भगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

जखमांच्या उपचाराचे शास्त्र आपल्या देशात फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत व्रण बांधण्याचे चौदा बंध सांगितले आहेत. कोश, स्वस्तिक, मंडल, गोफण, पंचांगी अशी त्यांतील काहींची नावे असून कोणत्या अवयवास कोणता बंध योग्य, याचेही विवेचन तेथे आहे. बोटांच्या पेरांसाठी कोशबंध सांगितलेला पाहून कोणाही कारागिरास सुश्रुताविषयी आपुलकी वाटावी. शरीरात रुतलेले लोखंडी शल्य काढण्यासाठी लोहचुंबकाचा उपयोगही त्या ग्रंथात आला आहे. परंतु हे ज्ञान ग्रंथांत व थोड्या वैद्यांच्या घरांत राहिले. गावकुसाजवळच्या लोहाराच्या भट्टीपर्यंत अथवा सुताराच्या पडवीपर्यंत ते क्वचितच पोहोचले.

तेथे चालत असे ते घरगुती औषध. कापले की हळद दाबावी, दगडी पाला चुरगाळून त्याचा रस पिळावा, रक्त थांबेना तर चिंधी जाळून तिची राख भरावी, कोणी कोळिष्टक लावावे, कोणी चुना, आणि काहीच हाताशी नसेल तेव्हा माती किंवा शेण. या उपायांमागे माया होती, अनुभव होता, आणि थोडे फार गुणही होते. पण शेण-मातीने किती घरे बुडाली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. जखम बरी होत आली असे वाटत असतानाच जबडा आवळावा, पाठ धनुष्यासारखी वाकावी आणि धडधाकट माणूस काही दिवसांत जावा, याला लोक दैव किंवा बाहेरची बाधा म्हणत. त्या धनुर्वाताचा जंतू १८८९ साली जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी बर्लिन येथे वेगळा काढून दाखविला. हे जंतू मातीत व जनावरांच्या शेणात सुप्तावस्थेत राहतात आणि खोल, बंद जखमेत बळावतात. पुढच्याच वर्षी, १८९० साली, बेरिंग व कितासातो यांनी त्यावरील प्रतिविषाचा शोध प्रसिद्ध केला, आणि पुढे १९२० नंतरच्या दशकात प्रतिबंधक लसही तयार झाली. ज्या मृत्यूला शतकानुशतके दैवाचे नाव होते, त्याचे कारण व निवारण असे एका पिढीत सापडले.

भाजण्याच्या बाबतीत तर एक विलक्षण साम्य आढळते. चुन्याची निवळी व खोबरेल तेल एकत्र घोटून भाजलेल्या जागी लावण्याचा उपाय आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेला असेल. स्कॉटलंडमध्ये कॅरन या गावी १७५९ साली लोखंडाचा एक मोठा कारखाना निघाला. तेथील कामगार भाजले म्हणजे चुन्याची निवळी व जवसाचे तेल यांचे मिश्रण लावीत, आणि त्या कारखान्यावरूनच ते ‘कॅरन तेल’ या नावाने युरोपभर प्रसिद्ध पावले. हजारो कोसांच्या अंतरावर, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या लोहारांनी एकच औषध योजावे, यावरून त्यांचे दुःख किती सारखे होते हे दिसते. आज वैद्यकाने दोन्ही मिश्रणे बाजूस ठेवली आहेत, कारण तेलाने उष्णता आतच कोंडते आणि उघड्या जखमेत जंतूंचा शिरकाव होतो. भाजल्यावरचा पहिला व सर्वोत्तम उपाय म्हणजे स्वच्छ, थंड, वाहते पाणी, तेही सुमारे वीस मिनिटे. लोखंडाला पाणी पाजण्यासाठी भट्टीशेजारी डोण भरलेली असे, आणि चटका बसलेला हात आपले पूर्वज सहजप्रेरणेने तीत बुडवीत असत. ती प्रेरणा खरी होती. पाणी तेवढे स्वच्छ हवे होते.

हे सर्व हाताच्या हत्यारांच्या युगाचे झाले. मनुष्याच्या बळावर चालणारे हत्यार मनुष्य थांबला की थांबते. वाफेवर चालणारा पट्टा कोणासाठी थांबत नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला, आणि पाहता पाहता परळ-भायखळ्याच्या परिसरात धुराडी उभी राहिली. कोकण, देश व घाटावरील गावांतून बलुते सुटलेले लोहार, सुतार व तांबट या गिरण्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत फिटर, साचेकाम करणारे व दुरुस्तीचे कारागीर म्हणून भरती झाले. गावात जखमी झालेल्या बलुतेदाराचे बलुते निदान त्या हंगामापुरते तरी चालू राही. शहरात हात गेला की पगार गेला आणि पगार गेला की खोली गेली.

या दुःखाला प्रथम वाचा फोडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुले यांचे हे सहकारी ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व सरकारपुढे मागण्या ठेवल्या. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सर्वांच्या स्मरणात आहेत. त्यांतच आणखी एक मागणी होती: कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा येण्यास मात्र १९२३ साल उजाडावे लागले. सुट्टी सहा वर्षांत मिळाली आणि तुटलेल्या हाताची किंमत ठरण्यास एकोणचाळीस वर्षे लागली, ही गोष्ट इतिहासाच्या प्रत्येक वाचकाने मनाशी नोंदवून ठेवावी.

आता पेटीकडे वळू. युरोप-अमेरिकेत तिचा जन्म तीन प्रवाहांच्या संगमातून झाला. पहिला प्रवाह शस्त्रवैद्यकाचा. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात अकरा वर्षांचा एक मुलगा गाडीच्या चाकाखाली पाय सापडून आला. हाड मोडून कातडीबाहेर उघडे पडले होते. अशा पायास सडण लागून तो कापावा लागणे, किंबहुना रोगी दगावणे, हीच त्या काळची रीत होती. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक अम्लात भिजविलेली पट्टी ठेवली. जखम सडली नाही आणि सहा आठवड्यांत हाड सांधले. जखमेला मारते ती घाण, आणि घाण टाळता येते, हे यावरून सिद्ध झाले.

दुसरा प्रवाह रणभूमीचा. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर बेवारस पडलेले जखमी सैनिक पाहून आंरी द्युनां या स्विस गृहस्थाचे मन हेलावले आणि त्यातून १८६३ साली रेडक्रॉसची चळवळ उभी राहिली. जर्मनीत कील येथील शस्त्रवैद्य फ्रीड्रिख एस्मार्क यांनी त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला. तिच्या कापडावरच ती कशी बांधावी याची चित्रे छापलेली असत, जेणेकरून अक्षरशत्रू सैनिकासही ती वापरता यावी. त्याच त्रिकोणी कापडाची घडी आजही प्रत्येक पेटीत असते.

तिसरा प्रवाह लोकशिक्षणाचा. १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाले आणि पुढील वर्षी वुलिच येथे सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू झाले. त्यांचे एक प्रवर्तक सर्जन-मेजर पीटर शेपर्ड हे जानेवारी १८७९ मध्ये आफ्रिकेतील इसांडल्वानाच्या लढाईत मारले गेले. पण त्यांचे वर्ग खाणी, रेल्वे व पोलीस यांत झपाट्याने पसरले. डॉक्टर नसलेल्या माणसासही पहिल्या काही मिनिटांत शास्त्रशुद्ध मदत करता येते व ती त्याने केली पाहिजे, हा विचार या वर्गांनी रूढ केला.

हे तीन प्रवाह एका डब्यात एकत्र आले ते १८८८ साली. अमेरिकेतील रॉबर्ट वुड जॉन्सन हे आगगाडीने प्रवास करीत असता रेल्वेच्या एका शस्त्रवैद्याशी त्यांचे बोलणे झाले. रूळ टाकणारे मजूर रुग्णालयापासून कोसच्या कोस दूर असतात आणि वेळेवर पट्टी न मिळाल्याने दगावतात, ही हकिकत त्यांनी ऐकली. लिस्टरच्या तत्त्वानुसार निर्जंतुक पट्ट्या बनविण्याचा त्यांचा धंदा होताच. त्यांनी रेल्वे कामगारांसाठी तयार पेट्या विक्रीस काढल्या. त्याच कंपनीतील अर्ल डिक्सन या नोकराने १९२० साली घरकामात वारंवार बोटे कापून व भाजून घेणाऱ्या आपल्या पत्नीसाठी चिकटपट्टीवर कापडाची लहान घडी ठेवून जी युक्ती केली, तीच आज ‘बँड-एड’ या नावाने घरोघर आहे. रेल्वेच्या रुळांवरून निघालेली पेटी अशी स्वयंपाकघरातही शिरली.

आपल्या देशात १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुख्यत्वे लहान मुलांचे कामाचे तास व धोक्याच्या यंत्रांभोवतीचे कुंपण यांपुरता होता. प्रथमोपचाराच्या पेटीची सविस्तर व्यवस्था स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने लावली. त्याच्या ४५ व्या कलमात दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी असावी, कामाच्या सर्व वेळात ती हाताशी असावी, ठरविलेल्या वस्तूंखेरीज तीत दुसरे काहीही ठेवू नये, आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेली एक जबाबदार व्यक्ती तिची राखणदार असावी, अशा अटी होत्या. या अटी कोरड्या वाटतात, पण प्रत्येकीमागे कोणाचे तरी रक्त सांडलेले आहे. पेटी हाताशी असावी असे म्हणावे लागले, कारण ती साहेबाच्या खोलीत कुलपात असे. दुसरे काही ठेवू नये असे म्हणावे लागले, कारण तीत खिळे, पावत्या व विड्यांची बंडले सापडत. राखणदार असावा असे म्हणावे लागले, कारण जी वस्तू सर्वांची असते ती कोणाचीच नसते.

त्या काळच्या नियमांतील यादी आज वाचली म्हणजे वैद्यक किती पुढे गेले हे ध्यानात येते. लहान, मध्यम व मोठ्या निर्जंतुक पट्ट्या, भाजल्यावरच्या पट्ट्या व कात्री या वस्तू आजही तशाच लागतात. परंतु तीत सर्पदंशावर चीर देण्याचे पाते व पोटॅशियम परमँगनेटचे स्फटिकही होते. दंशाच्या जागी चीर देऊन परमँगनेट भरण्याने विष तर उतरत नाहीच, उलट जखम वाढते, हे आता सिद्ध झाले आहे. रोग्यास निश्चल ठेवून, धीर देऊन, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात त्वरित नेणे हाच खरा उपाय. विजेचा धक्का बसलेल्यास पालथे निजवून पाठ दाबण्याची रीत १९०३ पासून शिकविली जात असे. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठातील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबोकर यांनी छाती दाबून बंद पडलेले हृदय चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यांतील कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते. विजेचा धक्का हृदयावर काय परिणाम करतो याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला होता. तारा जोडणाऱ्याचे दुःख तारांचे शास्त्र जाणणाऱ्याने हलके केले, ही गोष्ट आपणा कारागिरांस भूषणावह वाटेल.

त्याहूनही मोठी क्रांती तुटलेल्या अवयवाच्या बाबतीत झाली. जानेवारी १९६३ मध्ये शांघाय येथे चेन झोंगवेई यांनी एका कारखाना कामगाराचा यंत्राने तुटलेला हात पुन्हा जोडला. १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु व तामाई यांनी पूर्णपणे तुटलेला अंगठा जोडण्यात यश मिळविले. तेव्हापासून तुटलेले बोट म्हणजे गेलेले बोट, हा समज खोटा ठरला आहे. मात्र ते बोट नीट नेले पाहिजे. स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात अगर पाण्यात टाकल्यास मांस निकामी होते. घाईत बर्फात टाकलेले बोट जोडण्यास शस्त्रवैद्य समर्थ असूनही जोडता येत नाही, यापरते दुर्दैव कोणते?

येथवरचा इतिहास सांगण्याचे कारण आता निवेदन करतो. १९४८ च्या कायद्यात यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी १० व न वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असल्यावरच ‘कारखाना’ ही संज्ञा लागू होत असे. इमारतीच्या कामांसाठी १९९६ साली जो स्वतंत्र कायदा झाला, त्यातही प्रथमोपचाराची तरतूद होती, पण मर्यादा १० कामगारांचीच. हे व इतर जुने कायदे एकत्र करणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत कारखान्यासाठी ही मर्यादा अनुक्रमे २० व ४० अशी दुप्पट झाली आहे. आपल्या ज्ञातिबांधवांची कार्यशाळा म्हणजे बहुधा बाप, दोन मुलगे, एक भाचा व दोन-तीन उमेदवार. लोखंडी दारे-खिडक्या, फर्निचर, लेथकाम, भांडी, साचे असे तिचे काम. तेथे निरीक्षक येणार नाही, दंड होणार नाही आणि भिंतीवर पेटी लावा असे सांगणारेही कोणी येणार नाही. मोठ्या गिरणीतील परक्या कामगारासाठी कायद्याने जी काळजी वाहिली, ती आपल्या पोटच्या मुलासाठी आपणच वाहिली पाहिजे.

ही पेटी सिद्ध करण्यास खर्च फार नाही. वेगवेगळ्या आकारांच्या निर्जंतुक गॉझच्या घड्या, गुंडाळावयाच्या पट्ट्या, दोन त्रिकोणी बँडेजे, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, रबरी हातमोजे, जखमेभोवतीची कातडी पुसण्यासाठी पोव्हिडोन आयोडीन, डोळे धुण्यासाठी निर्जंतुक सलाइनच्या बाटल्या, भाजल्यावर झाकण्याच्या न चिकटणाऱ्या पट्ट्या, मोडलेल्या हातास आधार देण्यासाठी दोन फळ्या, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशव्या, विजेरी आणि एक वही-पेन्सिल. वहीच्या पहिल्या पानावर १०८ व ११२ हे क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि प्रत्येक कामगाराचा रक्तगट लिहावा. पुढील पानांवर प्रत्येक लहानमोठ्या अपघाताची तारीखवार नोंद करावी. एकाच यंत्रावर वर्षात तीनदा बोट कापले, असे वहीत दिसले की दोष बोटाचा नसून यंत्राच्या उघड्या पात्याचा आहे, हे मालकास कळते.

पेटीला कुलूप नसावे. ती भट्टीच्या धगीपासून दूर, परंतु सर्वांस दिसेल व लहान मुलगाही धावत जाऊन आणू शकेल अशा जागी असावी. तिच्यावर तांबडा क्रॉस रंगवू नये. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने त्या चिन्हाचा विनापरवाना वापर निषिद्ध केला आहे. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस ही प्रथमोपचाराची सर्वमान्य खूण होय.

वस्तूंहूनही अधिक मोल वस्तू वापरणाऱ्याचे आहे. वाहत्या रक्तावर स्वच्छ घडी ठेवून दहा मिनिटे न उचलता घट्ट दाबून धरणे, विजेचा धक्का बसलेल्यास हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करणे, डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण स्वतः न काढता डोळा झाकून डॉक्टरकडे नेणे, हाताला सूज येण्यापूर्वी अंगठी व कडे उतरविणे, आणि मळकट जखम झाल्यास धनुर्वाताच्या लशीविषयी त्याच दिवशी डॉक्टरांस विचारणे, या गोष्टी शिकल्याशिवाय येत नाहीत. सेंट जॉन अँब्युलन्स व भारतीय रेडक्रॉस संस्था यांचे वर्ग चालतात. प्रत्येक कार्यशाळेतून एकाने, आणि ती घराशेजारी असेल तर घरातील एका भगिनीनेही, हे शिक्षण घ्यावे. दुपारच्या वेळी पुरुष मंडळी कामाच्या जागी जखमी असता हाकेच्या अंतरावर घरातील स्त्रीच असते, हे आपण सर्व जाणतो.

खंडेनवमीच्या दिवशी आपण हत्यारे धुऊन पुसून मांडतो, त्यांना गंध-फूल वाहतो, आणि त्या दिवशी ऐरणीवर घाव घालीत नाही. या प्राचीन आचारात आम्ही एक लहानशी भर सुचवितो. त्या दिवशी हत्यारांच्या शेजारी प्रथमोपचाराची पेटीही मांडावी, ती उघडावी, मुदत संपलेली औषधे काढून टाकावी, वापरलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या ठेवाव्या, आणि वर्षभराच्या नोंदींची वही घरातील सर्वांसमक्ष एकदा वाचून दाखवावी. ज्या घरी अद्याप पेटी नाही, तेथे येत्या खंडेनवमीस ती यावी. ज्ञातीच्या मंडळाने उमेदवारीस लागणाऱ्या प्रत्येक मुलास पहिल्या हत्याराबरोबर एक पेटीही द्यावी. हत्यार त्याचे पोट भरील आणि पेटी त्याचा हात राखील. येत्या वार्षिक सभेपुढे ही सूचना आम्ही विचारार्थ ठेवीत आहोत.